अन्सालोनीच्या गाडीची डावी बाजू

मोदेना, २९ सप्टेंबर १९९७

प्रिय ओरेस्ते,

कसा आहेस? गुडघा काय म्हणतो? ब्रुनाला माझा नमस्कार. इकडे ठीक आहे. सकाळचं धुकं यंदा लवकर सुरू झालंय, आणि मी कानानं अर्धा बहिरा झालोय. बायको दिवसभर काय बोलते ते ऐकावं लागत नाही, पत्रे ठोकण्याच्या धंद्याचा एवढा एकच फायदा.

आपल्या आईच्या अंत्यविधीनंतर सोळा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही नाही. तू का लिहावंस म्हणा.

बातमी अशी की कारखाना सुटल्यापासून मी जुन्या शर्यतीच्या गाड्यांची शिल्पं करतो. हसू नकोस! इंजिन नाही, काही नाही. लोखंडी तारेचा सांगाडा आणि त्यावर अल्युमिनियमचा पत्रा, आपण ओंडक्यावर ठोकायचो तसाच. कुणाला नुसतं नाक हवं असतं, कुणाला एखादं मडगार्ड. डॉक्टर लोक दिवाणखान्यात ठेवतात आणि पाहुण्यांना हात लावू देत नाहीत.

आता लोरेदानानं अख्खी गाडी सांगितलीय. वालेरिओ अन्सालोनीची मुलगी. बापाच्या शवपेटीमागून चालताना तू तिला पाहिलीस तेव्हा चार वर्षांची होती. छप्पन सालची त्याची गाडी तिला पुऱ्या मापाची हवी आहे, आणि शर्यतीत तो ज्या वळणावर गेला तिथेच बसवायची आहे. एकोणीस ऑक्टोबर, रविवार. सगळं गाव येणार.

तिची अट तुला सांगायला हवी. म्हणाली, "काका, फक्त तुमचा हात लागला पाहिजे. ज्यानं डावी बाजू ठोकली त्याची सावलीसुद्धा नको."

मी "बरं" म्हणालो.

माझी उजवी बाजू तीन आठवड्यांत उतरली. डावी काही केल्या होत नाही, बाबा. उजवी माझी, डावी तुझी, हा आपला नेम होता. तुझी बाजू नेहमी बोटभर भरलेली असायची. मालक ओरडायचा, "गाडीचा एक गाल सुजलाय!" आणि तू म्हणायचास, "शर्यतीत दोन्ही गाल एकदम कोणाला दिसतात?" मी ठोकतो ती डावी म्हणजे माझीच उजवी, आरशात बघितलेली. तीनदा फाडून टाकली. काल आपला जुना मेकॅनिक ईवो येऊन बघून गेला. म्हणे, "छान आहे. कुणाची गाडी?" गाढव कुठला!

चार दिवस येशील का? मागच्या दारानं ये. डावी तू ठोक, मी माझी म्हणून सांगेन. लोरेदानाला कळायचं कारण नाही.

नाही म्हणालास तरी समजेन.

आल्चीदे


मोदेना, ८ ऑक्टोबर १९९७

ओरेस्ते,

तुझं कार्ड आज सकाळी आलं. "तेरा तारखेला येतो. साबण आणून ठेव."

वाचलं आणि स्वयंपाकघरात मटकन खालीच बसलो. बायकोला वाटलं, तूच गेलास.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. मला वाटायचं, तुला नुसता संशय असेल. आता लिहूनच टाकतो, नाहीतर पुन्हा गिळून बसेन. शर्यतीच्या आदल्या दिवशी, त्या शनिवारी, तू घरी जेवायला गेला होतास. ईवो डावं मागचं मडगार्ड घेऊन आला, चेपलेलं. दोन वाजता गाडी ट्रकवर चढायची होती. पत्रा आधीच ठोकून ठोकून कडक झालेला. त्याला साबण फासायचा, ज्योत दाखवायची, साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला, मगच हातोडी. तूच शिकवलंस मला. त्या दिवशी साबण संपला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायला दहा मिनिटं लागली असती, फार तर. मी गेलो नाही. थंडच ठोकला. वरून असा गुळगुळीत झाला की मलाच माझं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर तो फाटून टायरमध्ये घुसला.

चौकशीच्या टेबलावर तो तुकडा ठेवला तेव्हा कुणाचं काम हे कुणी विचारलंच नाही. डावं म्हणजे ओरेस्ते! तू तो उचललास, आतून अंगठा फिरवलास आणि माझ्याकडे बघितलंस. हातोडीच्या खुणा अक्षरासारख्या असतात, माझं अक्षर तू ओळखणार नाहीस तर कोण? माझा पोरगा दोन महिन्यांचा होता. तू तोंडातून ब्र काढला नाहीस. मीही नाही. पुढे मोदेनात तुला कुणी दारात उभं करेना, आणि तू त्रिएस्तेला जाऊन जहाजांच्या भटारखान्यांचे पत्रे ठोकत बसलास. मोदेनातला सगळ्यात चांगला हात! आणि शाबासक्या मी घेतल्या.

दुपारी लोरेदानाकडे गेलो. "बसा काका, कॉफी टाकते." म्हटलं, आधी ऐक. उभ्यानंच सांगितलं.

तिनं हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "दर नाताळला आई तुमच्या ताटात आधी वाढायची."

"हो."

"ती गेली तेव्हा तुम्ही खांदा दिलात."

"हो."

मग तिनं कपाटातून एक कागद आणला. तुझा. अठराव्या वर्षी तिनं तुला लिहिलं होतं म्हणे, तुमचे हात झडोत. तू उत्तरात एकच ओळ लिहिलीस, "तुझं बरोबर आहे, पोरी." ती म्हणाली, "हा कागद मी सत्तावीस वर्षं रागानं जपला. आता काय करू याचं, सांगा." मी रडायला लागलो तर म्हणाली, "माझ्या घरात नको."

गाडी बसणार आहे. डावी बाजू तू ठोकायची, तुझ्या नावानं. उजवीवर पत्रा नको, नुसती तार राहू दे म्हणाली. आणि रविवारी त्या वळणावर, सगळ्या गावासमोर, मी तिला सांगितलं तेच सांगायचं. मी कबूल केलंय. घरी आल्यावर माझा पत्रा सांगाड्यावरून उतरवला, कात्रीनं. चांगला झाला होता रे.

तेव्हा मागच्या दारानं येऊ नकोस. स्टेशनवर लोरेदाना स्वतः घ्यायला येणार आहे. मी येतो म्हणालो, तर नको म्हणाली.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि तेवढं मला सोसायचं नाही.

तुझं नाव घालवून एक्केचाळीस वर्षं ताठ मानेनं फिरलेला,
आल्चीदे