ते संशोधक म्हणतात

प्रिय गुंड्या,

एवढा मोठा शास्त्रज्ञ झालास तरी मी तुला गुंड्याच म्हणणार, चालवून घे. पत्र पाहून घाबरू नकोस. खरं तर थोडा घाबर, कारण मीही घाबरलेय आणि त्याहून जास्त गोंधळलेय. बाबांचं पोट फार बिघडलंय आणि त्याला कारण तुझा तो गाजलेला लेख आहे. की नाहीये? तेच मला कळेनासं झालंय.

तंतुमय आहार आणि आतड्यांचं आरोग्य यांवरचा तुझा लेख छापून आला, त्याची बातमी बाबांनी माझ्या चष्म्याच्या दुकानात बसून वाचली. लगेच मूळ लेख मागवायला लावला. मग काय, ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत, प्रत्येक ओळ दोनदा. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, वाचायची दुसरी रीत त्यांना ठाऊकच नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात कोंडा आला, कडधान्यं आली, सफरचंदं सालासकट खायची असा हुकूम सुटला. तुझं नाव अर्थातच काढत नाहीत. ‘ते संशोधक म्हणतात’ असं म्हणतात. पोटच्या पोराला अहो-जाहो! मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले.

पण आता हसू येत नाही रे. पोट फुगतं, कळा येतात, विजारीला दोरी बांधावी लागतेय इतके वाळलेत. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की आतड्याला सूज आहे, एका जागी ते अरुंद झालंय, कोंडा आणि साली तिथे अडकतात. काही आठवडे फक्त मऊ, चोथा नसलेलं खा, नाहीतर आतडं बंद पडेल आणि ऑपरेशन करावं लागेल. बाबांनी शांतपणे तुझा लेख त्यांच्यापुढे ठेवला. बाई म्हणाल्या, लेख बरोबरच आहे, पण तो निरोगी प्रौढांसाठी आहे. त्यावर बाबा म्हणाले, मी प्रौढ आहे आणि पोट सोडलं तर निरोगीच आहे. आता बोल!

मीही शब्दकोश घेऊन तुझा लेख वाचला. तू म्हणतोस तंतूंनी सूज कमी होते. बाई म्हणतात सूज आहे म्हणून तंतू नकोत. दोघंही शिकलेले, दोघंही खात्रीने बोलणारे. मी बापडी चष्मे विकणारी. बाईंचं ऐकून उकडलेला बटाटा कुस्करून दिला, तर बाबांनी ताटली हळूच बाजूला सारली. तुझं ऐकावं तर रात्रभर त्यांचं कण्हणं ऐकावं लागतं. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि सगळ्यात मोठा गोंधळ बाबांचाच आहे. तू शेवटचा घरी आलास त्या दिवशी जेवताना त्यांना म्हणालास, की दुसऱ्यांच्या काना-मात्रा शोधण्यात जन्म घालवलात, कुणाचं काय भलं झालं त्यानं? ते ताटावरून उठले ते उठलेच. तेव्हापासून तू फोन करत नाहीस, ते तुझा विषय काढू देत नाहीत. मग तुझ्या लेखासाठी हा माणूस जीव का पणाला लावतोय? हट्ट म्हणावा, तर शेजारच्या शिंप्याला तो लेख अभिमानाने वाचून दाखवताना मी पाहिलंय. अभिमान म्हणावा, तर तुझा फोटो अजून कपाटात पालथाच आहे. मला तुमच्या दोघांपैकी एकही कळत नाही, आणि म्हणे मी घरातली शहाणी!

काल मी रडकुंडीला येऊन विचारलं, की बाबा, तुम्ही नेमकं कुणाचं ऐकाल? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, एकदा पास झालेल्या मजकुरातलं अक्षरही लेखकाच्या संमतीशिवाय बदलत नाहीत. बदल हवा असेल तर लेखकाने समोर येऊन सांगावं. मला असा संताप आला, की वाटलं, छापखाना बंद पडला तरी यांचे नियम काही सुटत नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मी उठून बसले. अरे, शाळा सुटल्यावर त्यांचा डबा घेऊन मीच जायचे ना तिथे! लेखकांच्या सह्या टपालाने यायच्या. कोणीही लेखक कधी समोर येत नसे. तसा नियमच नव्हता. समोर यायची अट बाबांनी काल घातलीय, आणि ती फक्त तुला घातलीय. तेव्हा फोन नको, औषध नको, नवा लेखही नको. मिळेल त्या गाडीने ये, आणि त्यांच्यासमोर बसून सांग, की बाबा, बटाटा खा.

तुझीच, वाट पाहणारी,
ताई