गळ्याची शप्पत

१८ एप्रिल
एवढ्या उकाड्यात किमया लांब बाह्या घालून फिरतीया! शेजारच्या साळूबाईपुढंच म्हणलं, "मेंदी लपवतीस व्हय गं? कोण हाय तो?" आमी दोघी पोट धरून हसलो. नात काय हसली न्हाई. उठून आत गेली.

१९ एप्रिल
आज तिची बाही वर सारून बघितली. मेंदी न्हाई. जखमा हायेत — काही जुन्या, काही ताज्या. तिच्याच हातच्या.

"मरायचंय का तुला?" म्हणलं.

"न्हाई गं आजे. आत लई कोंडतं. असं केलं की जरा सुटल्यावानी वाटतं."

आई-बाप वेगळे झाले, पोर हितं माले गावात माझ्याजवळ ठेवली. नि मी काय केलं? तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला. "परत केलंस तर मी मरंन. घे शप्पत!"

घेतली बिचारीनं.

२६ एप्रिल
शप्पत लागू पडली! डॉक्टरापरीस मीच भारी.

३ मे
ताप. उठवत न्हाई. किमया जवळच येईना, दारातनं बघती नि रडती. म्हणलं, "एवढ्यात न्हाई मरत गं. तुझ्या आजोबाला वर जरा निवांत राहू दे!" तर जास्तीच रडाया लागली.

५ मे
साळूबाईनं तिला बोलती केली. पोरीनं परत केलं व्हतं. तीनदा! "म्या शप्पत मोडली म्हणून आजी मरतीया" — दोन दिवस हेच मनात धरून बसलेली. नि मी अंथरुणातनं मरणाची थट्टा करत व्हते. आग लागो माझ्या जिभंला.

९ मे
अंगात जीव आला तशी तिला घेऊन पौडला गेले. आसमाबाई, मनाच्या डॉक्टर. पोरीशी एकटीशी तासभर बोलल्या. मग मला म्हणाल्या, "हे नाटक नाही, आजी. मरायला केलेलंही नाही. पण हलक्यात घेऊ नका. शपथेनं ते थांबत नाही, लपतं. तसं वाटलं की तिला तुमच्याकडं येता आलं पाहिजे." दर आठवड्याला यायचंय.

स्टँडवरच तिचा हात धरून तीनदा म्हणलं, "शप्पत सुटली."

"खरंच?"

"खरंच गं. ताप माझा मला आला व्हता. तुझ्यापायी न्हाई."

गाडीत माझ्या खांद्यावर झोपली.

१४ मे
आज कुणाचीच थट्टा केली न्हाई. साळूबाई म्हणती, "परत ताप आला का?"

२३ मे
चुलीपाशी आली. "आजे, आज केलं." वरडले न्हाई. धुतलं, पट्टी बांधली. उद्या आसमाबाईंकडं जाऊ म्हणलं. "व्हय" म्हणाली. मग माझं मनगट धरून बघत बसली — "हे डाग कसले गं?"

बारा वर्सं सगळ्यांना तेल उडालं म्हणत आले. आज तिला सांगितलं — तुझे आजोबा गेले त्या साली, मीच केलेले.