स्व. खुशी

ता. ६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इकडे बरी आहोत. तुमची खुशाली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले, तेव्हा ती विचारत नाही.

रविवारी न कळवता तुझ्या खानावळीत आले होते. तू आणि तुझे शेठ भांडी घ्यायला बाहेरगावी गेला होतात. बरंच झालं. बहीण म्हणून फुकट जेवले असते, तर तुमचा धंदा कसा चालतो ते जन्मात कळलं नसतं.

दारावर माझ्या डोक्याएवढ्या अक्षरांत लिहिलंय, पोटभर जेवण फक्त शंभर. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, पण शंभर लगेच कळतं. पुढे मुंगीएवढं 'पासून' आहे, ते कुंडीच्या मागे. कुंडी तुम्ही तिथे ठेवलीत की झाडच लाजून आडवं आलं, ते कळव.

आत बसले तर खिडकीपाशी बसायचा वेगळा आकार. खिडकीतून समोरचं गटार दिसतं, त्याचा भाव कुणी ठरवला? पाणी वेगळं. लिंबाची फोड वेगळी. शंभरात काय येतं विचारलं तर वाढणारा म्हणाला, ताट आणि भात. मग पोटभर कुठे गेलं विचारलं, तर म्हणे ते ज्याच्या त्याच्या पोटावर आहे.

मग बिल आलं. शेवटून दुसऱ्या ओळीत 'स्व. खुशी' आणि पुढे आकडा. माझ्या काळजात चर्र झालं. 'स्व.' मी गल्लीतल्या श्रद्धांजलीच्या फलकांवर इतक्यांदा वाचलंय की ते जुळवावं लागत नाही. वाटलं, तुमच्याकडची खुशी नावाची पोर गेली आणि तुम्ही तिच्या घरच्यांसाठी वर्गणी काढताय. बहीण सुधारली म्हटलं. डोळे पुसले, छापल्यापेक्षा जास्तच ठेवले, आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं की पोर कशाने गेली. तो हसत सुटला. मयतीला हसणारा म्हणून त्याला मी काय काय बोलले, ते तोच सांगेल.

तेवढ्यात आतून माझी बारकी धावत आली. तिने कानात सांगितलं की कुणी मेलेलं नाही, ते स्वखुशी आहे, कागद अरुंद म्हणून तोडलंय. जेवणारा आपल्या खुशीने वाढणाऱ्याला देतो ते. अगं, मी खूश झाले की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं, तुझ्या मशीनला आधी कळलं? तेही आकड्यासकट?

मग पायरीवर बसून पोरीकडून बाकीचं काढून घेतलं. ही खुशी वाढणाऱ्यांच्या हाती पडतच नाही, शेठच्या गल्ल्यात पडते. आणि तिच्या पगाराचा जो आकडा तू मला कळवला होतास, तो तिला एकदाही दिसलेला नाही. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. आकड्यापुढे 'पर्यंत' आहे. मुंगीएवढं. म्हणजे गिऱ्हाइकाला पासून आणि पोरीला पर्यंत. दोन्ही टोकं तुमच्याच हातात.

जूनमध्ये तिच्या नर्सिंगची फी भरायची आहे. त्या पगारावर भरवसा ठेवून मी तिला तुझ्याकडे धाडलं. फी चुकली की जागा गेली, आणि तिथले लोक 'पर्यंत' ऐकून घेत नाहीत. काय ते कळव.

शेठना नमस्कार. तो मी खरोखरच्या खुशीने करते आहे असं समजू नये.

लोभ ठेव. त्याला वेगळा आकार पडत असेल तर आधी सांग.

तुझी ताई

—

ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन्ही केलं नाही, ते गल्ला मोजायला गेले.

ताई, तुला धंदा ठाऊक नाही. शेजारच्याने ऐंशी लिहिलंय. मी खरा भाव लिहिला तर पायरी कोण चढेल? 'पासून' सगळेच लिहितात. खुशीची ओळ नको असेल तर खोडायची मुभा आहे, पण चारचौघांत खोडायला माणसं लाजतात, त्याला मी काय करू? जागेचं भाडं त्याच लाजेतून निघतं. 'पर्यंत'चं म्हणशील तर तो आकडा गाठायला बारकीला कुणी अडवलेलं नाही.

आणि तू मला पाट्या शिकवू नकोस. तुझ्या दुकानाच्या दारावर 'एका तासात इस्त्री' आहे. मागच्या खेपेला माझी साडी तुझ्याकडे तीन दिवस होती. शेवटी ती तुझ्याकडेच टाकून मी अंगावरची चुरगळलेली नेसून गेले.

बारकी मजेत आहे. इथली सगळी आता तिला 'स्वर्गीय' म्हणून हाक मारतात. तुझीच कृपा.

रागावू नकोस. लोभ आहे, तो भाड्यासारखा वाढत राहो.

तुझी धाकटी

—

ता. १९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद, नेहमीपेक्षा जरा कमी.

इस्त्री एका तासातच होते. तो तास कुठला, ते दारावर लिहिलेलं नाही. बघ, मलाही येतो तुमचा धंदा! पण हे लिहून झाल्यावर माझीच मला किळस आली, म्हणून ओला फडका घेऊन ती पाटी पुसली. आता 'झाली की सांगेन' असं लिहिलंय. गिऱ्हाइकं येऊन हसतात, पण कपडे ठेवून जातात.

आता तुझं. या महिनाअखेरीपर्यंत पोरीचा ठरलेला पगार, मागचा राहिलेला धरून, तिच्या हातात पडला नाही तर मी तिला न्यायला येईन. येईन तेव्हा बोलेन, आणि माझा आवाज कुंडीमागे मावत नाही.

शेजारच्याचे ऐंशी मला सांगू नकोस. तो साठात विहिरीत उडी मारेल, म्हणून तूही मारशील?

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ताई

—

ता. २७ फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. वि. वि.

तू निघू नकोस. इथे काय झालं ते आधी वाच.

सगळे मला स्वर्गीय म्हणून चिडवायला लागले, तेव्हा मी वैतागून पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यावर 'खुशी, अजून जिवंत आहे' लिहिलं आणि छातीवर टाचला. जेवायला आलेले बिल बघायचे, मला बघायचे, हसायचे, आणि बिलातली ती ओळ बिनदिक्कत खोडून पैसे माझ्या हातात द्यायचे. ज्यांना खोडायची लाज वाटत होती त्यांना मला द्यायला वाटेना. मी ते आम्हा चौघांत वाटले. काकांनी दुसऱ्या दिवशी पुठ्ठा काढायला लावला. तर तिसऱ्या दिवशी स्वयंपाकी, भांडी घासणारी बाई आणि तो वाढणारा, तिघेही छातीवर 'खुशी' टाचून आले. स्वयंपाक्याच्या मिशा तू पाहिल्यास ना? त्यांच्याखाली 'खुशी'!

काका भयंकर चिडले. सगळ्यांना घरी बसवतो म्हणाले. मला रात्रभर वाटत होतं की आता फी गेली.

पण काल गल्ल्यावर आपली मावशी बसली होती. एक म्हाताऱ्या बाई बिल घेऊन आल्या, चष्मा लावून वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. तुझ्यासारखंच, आई! पर्स उघडून होतं तेवढं ठेवलं आणि मावशीला विचारलं की पोर केवढी होती. मी आतल्या दारात ताटं घेऊन उभी होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने सगळे पैसे त्या बाईंच्या हातात परत ठेवले आणि म्हणाली की पोर आहे, ही काय समोर उभी आहे, चुकी आमच्या कागदाची. बाईंनी येऊन माझ्या गालावरून हात फिरवला.

नंतर आतल्या खोलीत मावशी आणि काका बराच वेळ भांडले. आवाज तुझ्यासारखा होता, म्हणून मला धीर आला.

तब्येतीला जप. माया आहेच, ती मी बिलात लावत नाही.

तुझी बारकी

—

ता. ८ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

बारकीचा पगार दिला, मागचा सगळा धरून. 'पर्यंत' पोचलं एकदाचं. बिलातून खुशी काढली. दारावर आता सगळं मिळून एकच भाव लिहिलाय. तो वाचून निम्मी माणसं शेजारी जातात आणि तिथलं बिल बघून दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येतात. हे अजून कुरकुरतात, पण कुरकुर फुकट आहे.

पाटी रंगवणाऱ्याने 'पासून' पुसायचे वेगळे पैसे घेतले. म्हणाला, त्याने सांगितला होता तो भाव लिहायचा, पुसायचा नव्हे. मी निमूट दिले. तू असतीस तर हसली असतीस, म्हणून कळवलं.

त्या बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या ओठांवर बारकीचंच वय आलं होतं गं. पुढे लिहवत नाही.

जेवायला ये. कुंडी हलवली आहे.

तुझी धाकटी

—

ता. १४ मार्च

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, मागचे कापलेले धरून.

रविवारी येते. कळवून येते आहे, तरी जेवणाचे पैसे देईन. खिडकीपाशीच बसेन, गटार मी फुकट बघेन. येताना तुझी ती साडी आण म्हणालीस तर आणते, यावेळी खरंच इस्त्री झाली आहे.

वाढायला बारकीच हवी. जेवण झाल्यावर तिच्या हातात काय ठेवायचं ते माझं मी बघेन, तुझ्या मशीनला कळू देऊ नकोस.

लोभ आहे. पासून नाही, पर्यंत नाही. आहे तेवढा सगळा.

तुझी ताई