बांधाची राखण

प्रिय रघूदादा,

आधी एक दुरुस्ती. जुलैच्या उधाणात बांध फुटून खांड पडली, बांधालगतच्या बुधा-गंगीच्या झोपडीत कमरेइतकं खारं पाणी शिरलं, तेव्हा मी तुला लिहिलं होतं की आमच्या कंपनीचा उपग्रह बिघडलाय, म्हणून इशारा आला नाही. ते खरं नव्हतं. उपग्रह ठणठणीत आहे. त्याने आपल्या खाडीकडे बघणं बंद केलंय, आणि हे मला आधीपासून माहीत होतं.

फोनवर सांगितलं असतं तर डोलवीच्या कारखान्याच्या गेटवरून तू ‘शिफ्टला चाललो’ म्हणून फोन ठेवला असतास, आणि मलाही ते बरंच वाटलं असतं. म्हणून लिहिते.

बांधांवर नजर ठेवायचं आमचं काम सरकारी मदतीवर चालायचं. ती मार्चमध्ये आटली आणि त्याच महिन्यात लष्करी संशोधनाचं मोठं काम कंपनीकडे आलं. खोली तीच, माणसं तीच, आकाशातला डोळाही तोच. फक्त आता ढगांआडून बांधाची ओल टिपायची नाही, सीमेवरच्या हालचाली टिपायच्या. मी साहेबांना विचारलं, आमच्या खाडीचं काय? ते शांतपणे म्हणाले, “सीमा राहिली तर खाडी राहील.” सीमेवर उभ्या असलेल्या मुलांना हा डोळा नको, असं कोणत्या तोंडाने म्हणू? पण डोळा तिकडे वळवताना इकडच्या माणसांना कुणी कळवलं नाही, आणि ‘बाहेर काही कळवणार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली.

बाबांनी मला शाळेआधी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला शिकवलं. चुकले की पुन्हा करायला लावायचे. त्याच मुलीने तीन वर्षांपूर्वी देवळासमोर सांगितलं की उधाणाला घरटी एक माणूस बांधावर पाठवायची आता गरज नाही, मेसेज येईल. धोंडुबाई म्हणाली होती, “खांड बुजवाला तुजा उपग्रह चिखलान उतरंल काय गो?” सगळे हसले, मीही हसले. आणि माझ्या शब्दावर गावाने राखण मोडली. आता मेसेज नाही म्हणजे बांध शाबूत, असं समजून माणसं झोपतात. मी गप्प बसले की गावात त्याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा होतो.

पाणी ओसरल्यावर गंगीचा फोन आला. भांडली नाही. विचारत होती, “ताई, माजा रिचार्ज संपला व्हता, म्हणून मेसेज नाय आला का?” दादा, ती चूक स्वतःची समजतेय.

तू म्हणालास खांडीवर नुसती माती लोटलीय. अवसेचं उधाण ती धरणार नाही. म्हणून हे पत्र. बुधा-गंगीला पोरांसकट आजच आपल्या ओटीवर आण. घरोघरी फिरून राखण पुन्हा लाव, कारण विचारलं तर हे पत्र वाचून दाखव. सही मोडल्याची शिक्षा काय असते, मला ठाऊक नाही. पण राखण मीच मोडायला लावली, तेव्हा खरं काय तेही मीच सांगायला हवं. रोह्याच्या गाडीने पेणला उतरेन आणि दुपारच्या भरतीआधी देवळासमोर उभी राहीन, बुधवारी, १२ ऑगस्टला, अवसेच्याच दिवशी.

तुझीच,
नमू