छत्तिसाव्या किलोमीटरवरचा पाहुणचार

नेर,
दि. २२ डिसेंबर

आदरणीय व्याही श्री. शेषरावजी मुनेश्वर यांस गोविंदा थूल याचा सविनय जयभीम.

आपली, विहीणबाईंची आणि जावई संघर्षरावांची प्रकृती उत्तम असणार, कारण तसे नसते तर रुपालीने फोनवर सांगितले असते. आपला उजवा गुडघा आता कसा आहे? तूर शेंगेवर आली असताना हे ढग काही बरे नव्हेत, पण आपण फवारणी वेळेवर केली असे कळले, वाचून (म्हणजे ऐकून) समाधान वाटले. आमच्याकडे सर्व ठीक. रुपालीच्या आईची पाठ थंडीने थोडी धरली आहे. मी रोज पहाटे दहा-बारा किलोमीटर पळतो, आणि त्यामुळे माझी तब्येत सुधारली असे डॉक्टरांचे मत आहे. आमच्या गल्लीचे मत वेगळे आहे, पण गल्ली कुठे डॉक्टरकी शिकली आहे.

हाताशी फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असे आपल्या मनात येईल. तर एक म्हणजे फोनवर आपण मला बोलू देत नाही. (ही तक्रार नव्हे. आपला आवाज शेतात कमावलेला आहे आणि माझा वर्गात गमावलेला.) दुसरे म्हणजे, चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत काढल्यावर मला अशी सवय लागली आहे की अवघड गोष्ट वरिष्ठांना लेखीच कळवावी. आपण मुलाकडचे, म्हणून वरिष्ठ. गोष्ट अवघड आहे. गेल्या जानेवारीपासून ती माझ्या पोटात आहे, आणि येत्या जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा मॅरेथॉन आहे, म्हणून आता सांगणे भाग आहे.

आम्ही पळणारे तिघे आहोत. मी एक. दुसऱ्या रत्नप्रभाबाई, टपाल कचेरीतून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्या त्या. त्या गळ्यात शिट्टी घालून पळतात आणि आम्ही रेंगाळलो की वाजवतात. तिसरा प्रेमसिंग राठोड. त्याने याच दारव्हा रस्त्यावर तीस वर्षे एसटी चालवली. आजही पळताना प्रत्येक थांब्यापाशी त्याचा वेग आपोआप कमी होतो, तो डावीकडे बघतो, कोणी नाही अशी खात्री करतो आणि मग पुढे निघतो. वळणाआधी हात बाहेर काढतो. (मागून येणारी वाहने त्याचे ऐकतातसुद्धा.) या माणसाला बिनअपघाती सेवेचा बिल्ला मिळायचा होता, पण ऐन शेवटच्या वर्षी एक बकरी चाकाखाली आली आणि बिल्ला हुकला. बकरी वाचली, हे तो अजून प्रत्येकाला सांगतो. तेव्हापासून छातीवर लावायला काहीतरी एक मिळावे एवढीच त्याची इच्छा आहे, आणि मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला पदक मिळते. फेब्रुवारीत तो नेर सोडून पुण्याला मुलाकडे कायमचा राहायला चालला आहे. म्हणजे त्याच्यासाठी ही शेवटची संधी.

आम्ही एकमेकांना कसे ओढतो ते सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट नीट समजेल. पंचवीस किलोमीटरनंतर माझ्या पोटऱ्या वळायला लागतात आणि मी रस्त्याच्या कडेला बसायला जागा शोधू लागतो. त्या वेळी प्रेमसिंग मला एकोणतीसचा पाढा विचारतो. मी शिक्षक, विचारल्यावर उत्तर न देता राहवत नाही, आणि पाढा संपेपर्यंत किलोमीटरभर तरी सरतो. त्याचा गुडघा दुखू लागला की मी त्याला नेर ते दारव्हा सगळे थांबे क्रमाने विचारतो. एखादा मी मुद्दाम चुकवतो. मग तो इतका चिडतो की गुडघा विसरतो. रत्नप्रभाबाईंना कोणी काही विचारायची गरज पडत नाही, त्या शेंगदाणे-गूळ वाटतात आणि शिट्टी वाजवतात.

आमची खरी अडचण अंतराची कधीच नव्हती, माणुसकीची होती. आपल्या भागात ओळखीचा माणूस पायी चाललेला दिसला आणि आपण गाडीवरून तसेच पुढे गेलो, तर ते वर्षभर ऐकावे लागते. त्यामुळे पहिले दोन महिने आम्हाला सलग आठ किलोमीटर कधी पळताच आले नाही. दर फर्लांगाला कोणीतरी थांबायचे. बस हुकली का, कोणाकडे काही बरेवाईट झाले का, गुरुजी मागे कुत्रे लागले का. एका म्हाताऱ्याने तर प्रेमसिंगकडे बघून अगदी कळवळून विचारले होते, "डायवर साहेब, गाडी कुठं बंद पडली?" रत्नप्रभाबाईंनी यावर उपाय म्हणून आमच्या पाठीवर लावायला कापडी फलक शिवून घेतले. 'आम्ही व्यायाम करीत आहोत. कृपया लिफ्ट देऊ नये.' अक्षरे बारीक आली. लोक ती वाचायला गाडी हळू करू लागले, अर्धा किलोमीटर आमच्या बाजूने चालवत वाचू लागले, आणि वाचून झाले की म्हणू लागले की आता थांबलोच आहोत तर बसा. फलक काढून टाकावे लागले. हळूहळू मात्र सगळ्या रस्त्याला आमची सवय झाली. आता दूधवाले फक्त हात करतात. राहिले एकच गृहस्थ, आणि त्यांनाच हे पत्र आहे.

गेल्या जानेवारीतला तो रविवार आपल्याला आठवतच असेल, कारण आपण तो आठवडी बाजारात अनेकांना सांगितला आहे. मी माझ्या बाजूने सांगतो. नेरवरून निघून दारव्ह्याच्या बाजूला एकवीस किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे, असा मार्ग होता. साडेबारापर्यंत पोचेल त्याला पदक. मी पावणेअकराला आपल्या गावाच्या फाट्यावर पोचलो. छत्तीस झाले होते, सहा राहिले होते. प्रेमसिंग माझ्या मागे किलोमीटरभर होता. माझे तोंड उघडे, पाय वाकडे, आणि आपण समोरून मोटारसायकलवर आलात. आपल्या चेहऱ्यावर जी काळजी मी पाहिली ती मी विसरणार नाही. आपण गाडी माझ्यापुढे आडवी लावली आणि म्हणालात, "बसा इवाईबुवा."

मी नाही म्हणायला हवे होते. पण साखरपुड्याच्या दिवशी मी आपल्याकडचा चहा पित्तामुळे नाकारला होता, ते आपल्याला आठवते का? मला आठवते. आपण फक्त कपाकडे बघत राहिलात. त्यानंतर तीन मध्यस्थ आमच्या घरी येऊन गेले आणि शेवटी मी आपल्या अंगणात बसून लागोपाठ दोन कप चहा प्यायलो तेव्हा तारीख ठरली. रुपालीच्या लग्नाला त्या रविवारी जेमतेम सात महिने झाले होते. मी छातीवरच्या नंबराकडे पाहिले, आपल्याकडे पाहिले आणि बसलो.

मला वाटले आपण मला पुढे दहा पावलांवर उतरवाल. आपण घरी नेलेत. पाय धुवायला पाणी, मग पोहे, मग चहा. रविवार असल्याने मटण शिजत होते, त्याच्यासाठी थांबा असा आग्रह, त्यातून मी कसा सुटलो ते विहीणबाई जाणतात. (पोहे उत्तम होते. पोटात छत्तीस किलोमीटर असलेल्या माणसाला इतके चांगले पोहे देऊ नयेत.) रुपाली पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होती. माझ्या छातीवरचा नंबर तिच्या ध्यानात आला होता, पण सात महिन्यांची सून सासऱ्यासमोर काय बोलणार. तिने हळूच विचारले, पळणे झाले का. मी म्हणालो, होत आहे. निघताना आपण रीतीप्रमाणे मला शेला पांघरला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला, आणि फाट्यावर सोडा असे मी तीनदा म्हणत असताना थेट नेरच्या मांडवापाशी आणून सोडलेत. उन्हात कशाला चालता, असे आपण म्हणालात. आपला हेतू किती चांगला होता हे मी आजही शपथेवर सांगेन.

मांडवात काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण लगेच परतलात. शेला, टोपी आणि नारळ बघून दोन स्वयंसेवकांनी मला प्रमुख पाहुणा समजून मंचावर नेऊन बसवले. गळ्यात हार पडला. मी उठून सांगितले की मी स्पर्धक आहे आणि शेवटचे सहा किलोमीटर मोटारसायकलवरून आलो आहे. असे आपणहून सांगणारा माणूस आयोजकांनी याआधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, गुरुजी, नियमाने तुम्ही बाद. मी म्हणालो, बाद तर बाद, पण राहिलेले पळणार. आणि जिथून गाडीवर बसलो त्या फाट्याकडे नारळासकट परत पळत निघालो.

किलोमीटरभर गेल्यावर समोरून प्रेमसिंग आला. त्याच्या हातात चाळीस मिनिटे होती आणि समोर मांडव दिसत होता. मी त्याला ओरडून सांगितले, तू जा, पदक घे. त्याने सगळी हकिकत पळता पळता ऐकून घेतली. मग हात बाहेर काढला, मागेपुढे पाहिले आणि वळला.

"संगं निंगालो गुरुजी, संगंच पोचू," एवढेच म्हणाला.

पाच किलोमीटर फाट्यापर्यंत आणि तिथून सहा परत. पावणेदोनला आम्ही पोचलो तेव्हा मांडवाचे बांबू ट्रॅक्टरवर चढत होते. आधीच पोचलेल्या रत्नप्रभाबाई तेवढ्या एका खुर्चीवर बसून होत्या, त्यांनी शिट्टी वाजवली. प्रेमसिंगचे बावन्न किलोमीटर झाले आणि पदक नाही. बकरीनंतर त्याच्या आयुष्यात माझा नंबर. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, शेषरावजी, आणि अजूनही वाटते. पुढच्या बाजारात आपण "म्या माह्या इवायाले येळेवर पोचवलं" असे चारचौघांत सांगत होतात, तेव्हा मी शेजारी उभा राहून मान डोलावली. त्याचेही वाईट वाटते.

या खेपेला मात्र आशेला जागा आहे. मागच्या रविवारी आम्ही तिघांनी बत्तीस किलोमीटर केले आणि कोणी बसायला जागा शोधली नाही. एकोणतीसचा पाढा एकदाच लागला. प्रेमसिंगच्या गुडघ्याने एकही थांबा विचारायला लावला नाही. रत्नप्रभाबाईंच्या हिशेबाने आम्ही या वेळी साडेदहालाच आपल्या फाट्यावर असू. बाकी विशेष काही नाही. विहीणबाईंना जयभीम, संघर्षरावांना आशीर्वाद, आणि रुपालीला म्हणावे आईची पाठ उतारावर आहे.

आपला नम्र,
गोविंदा थूल

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण लिहायचे राहिले. हात जोडून विनंती की त्या रविवारी सकाळी आपण मोटारसायकल बाहेर काढू नये. मी रस्त्यात दिसलो, पडलेला दिसलो, रांगताना दिसलो, तरी थांबू नये. यात आपला अपमान करण्याचा हेतू नाही. प्रेमसिंगचे पदक आहे.

ता. क. २. रत्नप्रभाबाईंनी पत्र वाचले. त्यांच्या मते वरील ता. क. उद्धट झाला आहे. त्यांची सूचना अशी की आपल्याला त्या दिवशी अगदीच राहवत नसेल तर यवतमाळला काही काम काढावे.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात प्रेमसिंग आला. त्याच्यामुळेच लिहिले म्हणून मी त्यालाही वाचून दाखवले. मला वाटले खूश होईल. पण तो म्हणाला, "गुरुजी, त्यायले असं नका लिहू. मांगच्या मयन्यात म्या पुन्याले पंधरा दिवस राह्यलो. रोज सकाळी पळाले जात होतो. एवढ्या गाड्या गेल्या, पन एकही मानूस थांबला नाही, का बाबा काहून पळून राह्यला, बस म्हून. आता तर जनमभर तिथंच राहाचं आहे. थांबू द्या त्यायले."

तेव्हा पहिले दोन्ही ता. क. रद्द समजावेत. नवी विनंती अशी की त्या रविवारी साडेदहाला आपण फाट्यावर यावे, मोटारसायकल घेऊनच यावे. आम्ही दोघे सोबतच असू. आधी प्रेमसिंगजवळ गाडी हळू करा आणि त्याला "बसा" म्हणा. तो नाही म्हणेल. तरी आणखी एकदा म्हणा. मग मला म्हणा. आपल्याला नाही म्हणताना माझा आवाज फार बारीक निघतो, पण तो नकारच समजावा, आणि राग मानू नये.