आंबागडच्या गिरज्याची किल्ली

लिहून ठेवतो मी, भैय्यालाल श्रावण पटले, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शेती, राहणार आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. माझे डोके शाबूत आहे. नशापाणी नाही, कोणाची बळजबरी नाही. गोंधळ आहे, तो खाली सांगतो, पण तो म्हातारपणाचा नव्हे.

कलम १. राहते घर आणि तलावाखालची दोन एकर धानाची बांधी मुलगा कुलदीप याला. बँकेत जे निघेल ते मुलगी रीना हिला, जी कोंढ्याला दिली आहे. कुलदीपने तोंड वाकडे करू नये. तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा चार महिने उशाशी रीनाच होती, तू नव्हतास रे.

कलम २. माझी लोखंडी शिडी टिकारामकडे आहे. सहा वर्षे झाली. तो या कागदावर साक्षीदार आहे म्हणून शिडी माफ होत नाही. ती आणावी.

कलम ३. आता गिरजा. इथेच माझे डोके चालत नाही.

सन १९६२ मध्ये इथली ख्रिस्ती घरे गाव सोडून गेली, प्रार्थना बंद झाली. शेवटच्या पाद्रीसाहेबांनी किल्ली माझ्या बापाच्या हाती दिली आणि परत येईपर्यंत सांभाळ म्हणाले. बाप गेला, साहेब आले नाहीत, किल्ली माझ्याकडे राहिली. मग गिरजा कोणाचा? तलाठी म्हणतो मिशनचा. कोणते मिशन, ते त्यालाही माहीत नाही. कुलदीप म्हणतो आपला. "बाबा, छपराचे कवेलू पडून राहिले, भिंती फुगल्या. छपराखालचे सागाचे पाटे विकू अन् तिथं लग्नाचं लॉन बांधू. लोकं तुमसरले कायले जातीन?" जे माझे नाही ते देऊ कसे? आणि साठ वर्षे ज्याला झाडू मारला ते माझे नाही असे तरी म्हणू कसे?

मी त्यात धान भरले, हे कबूल. जागा कोरडी होती. माझी बायको शकुनबाई मात्र तशी फुकट वापरणारी नव्हती. दर पोळ्याला, दर दिवाळीला ती आतली जमीन शेणाने सारवायची. "अवं, दुसऱ्याच्या देवाचं घर आहे ते," मी म्हणायचो. "मंग? देवाचंच आहे ना? बिना सारवणाचं ठेवू काय?" थरावर थर चढले. खाली दगडी फरशी आहे हेच आम्ही विसरून गेलो.

कलम ४. शकुनबाई गेल्यानंतरची, मे २०२२ ची गोष्ट. सत्तरीची एक बाई ऑटोने आली. म्हणाली, "माझी आई या गिरज्यात पुरली आहे. मी दीड वर्षाची होते. जरा आत पाहू द्या." आत चाळीस पोती होती. मला वाटले, मिशनवाल्यांनी कबजा घ्यायला पाठवली. मी म्हणालो, "इथं कोणी पुरलं नाही, बाई. लहानपणापासून पाहून राहिलो." ती म्हणाली, "बाबा खोटं बोलत नव्हते हो." बंद दाराला हात लावून थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मी तिला पाणी विचारले नाही. नावही विचारले नाही.

त्याच पावसाळ्यात मधले छप्पर बसले. आठ दिवस पाणी आत पडले, शेण वाहून गेले आणि फरशीवर अक्षरे उघडी पडली. मालनबाई, शाळेच्या बाई, वय २६, सन १९५१. मी तिथेच ओल्यात बसलो. फार लाज वाटली.

शकुनबाईने त्या माउलीची कबर चाळीस वर्षे सारवली, की तिचे नाव बुजवले? हे पुण्य झाले की पाप? मला खरेच कळत नाही. ती असती तर भांडून तरी विचारले असते.

तुमसर, भंडारा, नागपूर, सगळीकडे चर्चमध्ये जाऊन त्या ऑटोने आलेल्या बाईविषयी विचारले; मालनबाईचे नाव कोणी ओळखेना. जो तो म्हणे, "कोणत्या बाईले शोधून राहिले, काका? नाव काय?" तेच तर ठाऊक नाही!

कलम ५. वकीलसाहेब म्हणतात, बिननावाच्या माणसाला काही देता येत नाही आणि दुसऱ्याची इमारतही देता येत नाही. बरे. पण किल्ली तर माझ्या हातात आहे. ती रीनाने ठेवावी. कुलदीपने सागाच्या एकाही पाट्याला हात लावला तर दोन एकर बांधी रीनाची. तो चिडेल. चिडू दे. कवेलू चढवणे आता माझ्याच्याने होत नाही, गिरजा आपसूक पडला तर इलाज नाही, पण आपल्या हाताने पाडू नका. गिरज्यात यापुढे धान भरायचे नाही.

कलम ६. हा कागद मी पेटीत न ठेवता नोंदणी करून ठेवतो आहे. माझ्यामागे त्याची नक्कल कोणालाही काढता येते, असे वकीलसाहेब म्हणाले. बाई, तुम्ही किंवा तुमच्या मुलाबाळांनी कधी काढली तर एवढे वाचा. मला काही माहीत नव्हते, तरी छातीठोकपणे नाही म्हणालो, चाळीस पोत्यांसाठी. तुमचे वडील खरे बोलत होते. तुमची आई इथेच आहे, पूर्वेच्या भिंतीपासून चौथी फरशी.

वाचून, समजून सही केली.

भैय्यालाल श्रावण पटले

साक्षीदार
१. टिकाराम कटरे, आंबागड
२. केशवराव मेश्राम, आंबागड

ठिकाण: तुमसर
दिनांक: ९ जानेवारी २०२५