रुमाल पांढराच निघाला

अण्णा, तुमचा रुमाल अजून माझ्याकडे आहे, आणि गेले पाच दिवस तो खिशात असला की मला एका जागी बसवत नाही. पाना हातात घेतो, खाली ठेवतो, उगाच हायवेपर्यंत चालत जाऊन येतो. बायको म्हणते, अंगात मुंगळे शिरलेत की काय तुमच्या? तिला काय सांगू, कपाळ!

तुम्ही एसटी डेपोतून निवृत्त होऊन हे गॅरेज टाकलंत आणि मी तुमच्या हाताखाली आलो, तेव्हाचं आठवतं. गाडीचं काम झालं की तुम्ही घडीचा पांढरा रुमाल काढता, सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब धरता आणि ओरडता, "दाब रे!" मी अॅक्सिलरेटर दाबतो. दहा आकडे मोजून तुम्ही रुमाल उन्हात उलगडता. काळा डाग अंगठ्याएवढा असला तर गाडी जाईल, मोठा असला तर इंजिन पुन्हा उघडायचं, मालक कितीही तणतणो. ते रुमाल तुमच्याच जुन्या धोतरातून कापलेले. मोरीत ते घासताना आईच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "मेल्यांनो, लोकांच्या गाड्यांची काजळी धुवायला मीच सापडले होय?" एकदा एका टेंपोचा रुमाल काळाकुट्ट निघाला आणि मी म्हटलं, दोन फेऱ्या मारल्या की होईल मोकळा, जाऊ दे. तुम्ही तोच रुमाल माझ्या नाकाला लावलात. "घे श्वास. घे ना! घाटात ह्याच्या मागून चालणाऱ्यानं घ्यायचा, तर तू आधी घे." मला राग आला होता तुमचा. तुम्ही जन्मात विडीला शिवला नाहीत, आणि छातीनेच गेलात.

तुमच्या मागे गाड्या फार बदलल्या. नव्या डिझेल गाडीला आता दुसरी छोटी टाकी असते, निळ्या झाकणाची. तिच्यात युरियाचं शुद्ध पाणी घालायचं. ते सायलेन्सरच्या वाटेत फवारलं जातं आणि धुरातला जो न दिसणारा विखारी वायू, तो तिथेच मरतो. तुम्ही हसला असतात. म्हणाला असतात, आज युरिया घालताय, उद्या गाडीला पेंड चारा! पण खरंच आहे ते अण्णा. काजळी अडवायला वेगळी जाळी आणि वायू मारायला हे पाणी, अशी दोन कामं दोघांनी वाटून घेतलेली. आणि ते पाणी संपलं किंवा बिघडलं, तर गाडीचा कॉम्प्युटर आधी दिवा लावतो, मग जोर काढून घेतो, आणि शेवटी गाडी चालूच होऊ देत नाही.

आपल्याकडे एक बाई येतात. स्वतःची मिनीबस स्वतः चालवतात, आसपासच्या वाड्यांमधली पोरं शाळेत सोडतात, दुपारी घरी पोचवतात. त्यांच्या दिरांची आंब्याची बाग. गेल्या आठवड्यात निळ्या टाकीतलं पाणी संपलं, तर दिरांनी कलमांना घालायचा युरिया विहिरीच्या पाण्यात कालवला आणि दिला ओतून! फवारा चोंदला, पंप गेला. "दादा, मला वाटलं युरिया तो युरिया," बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले. नवा पंप यायला दहा दिवस. शाळेनं सांगितलेलं, सोमवारी बस लागली नाही तर काम दुसऱ्याला देऊ. मग मी ते केलं. एक डबी मिळते, काड्यापेटीएवढी. ती वायरीला जोडली की ती कॉम्प्युटरला सांगत राहते, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. दिवा विझला. बस धावली. बाईंना म्हटलं, झालं काम. डबीचं बोललो नाही.

सोमवारी दुपारी, शाळा सुटायच्या वेळी, मीही बसमधून शाळेपर्यंत गेलो. फाटकाशी एक आई उभी होती, तिच्या मुलाला दम्याचा पंप लागतो. तिनं विचारलं, "बस बिघडलेली म्हणे. धूर नाही ना होणार हो?" आणि अण्णा, माझा हात आपोआप खिशात गेला. मी रुमाल धरला, बाईंना म्हटलं, दाबा. दहा मोजले. रुमाल पांढराच निघाला. निघणारच होता! काजळीची जाळी शाबूत आहे. जे सुटतंय ते कापडाला लागतच नाही, आणि हे त्या फाटकाशी फक्त मला ठाऊक होतं. बाई कौतुकानं म्हणाल्या, "ह्यांच्या अण्णांचा रुमाल तो. एसटीवाले शपथ घ्यायचे त्याच्यावर." ती आई म्हणाली, "मग झालं." आणि मुलाला बसमध्ये चढवलं.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्या फाटकाशी जातो. बस इंजिन चालू ठेवून उभी असते, पोरांची रांग तिच्या मागच्या अंगाला. काल मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो, श्वास घेतला. डोळे चुरचुरले. वायूनं की लाजेनं, कोण जाणे. तो मुलगा माझ्यापुढे तिसरा होता, बाटलीच्या टोपणाशी खेळत.

आज सकाळी बाईंना फोन केला, उद्या सातला बस घेऊन या. त्यांनी घाबरून विचारलं, "का हो दादा?" मी म्हटलं, एक नट ढिला राहिलाय. म्हणजे आणखी एक खोटं. डबी उद्या काढतोच. पंप येईस्तोवर आपली जुनी जीप पोरांसाठी देतो, दोन फेऱ्या मीच मारीन. शाळेत मी जाईन, त्या आईकडेही जाईन. तिला काय सांगायचं ते लिहून बघावं म्हणून हा कागद घेतला, आणि पहिलाच शब्द अण्णा असा उमटला.

हे पत्र कुठे टाकणार! रुमालाच्या घडीत राहील. आणि एक कबूल करतो. तुम्ही आज असतात आणि बाकड्यावरून विचारलं असतंत, "काय केलंस रे त्या गाडीला?", तर मी तुम्हालाही रुमालच दाखवला असता.